निरोप कोणी द्यायचा

५ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आईला आता कुशीवर वळायलाही तुझा हात लागतो, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. चहा सांडतो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. तुझी वहिनी म्हणते की आजारी सासूबाई आहेत आणि पथ्याला हे बसलेत. तू नोकरी सांभाळून तिचं सगळं करतेस आणि मी इथे प्रार्थनेच्या हॉलमध्ये दर आठवड्याला उभा राहून लोकांना सेवा म्हणजे काय ते समजावतो. हसू नकोस. बरं, हस.

मी कधी येणार आणि येताना बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक आणणार ना, असं आईने विचारलंय. येतो म्हणून सांग. पुस्तकाचं काही बोलू नकोस. का, ते सांगायलाच आज बसलो आहे, आणि गेला तासभर नुसता मायना लिहून बसलोय.

टाचणी, माझा विश्वास गेला आहे.

आमच्या हॉलच्या मागच्या गल्लीत एक कुलूपवाला राहतो. गरमीच्या दिवसांत त्याची मुलगी तापाने गेली. नुकतीच शाळेत जायला लागली होती. निरोपाची प्रार्थना मी म्हटली, बाबा म्हणायचे तीच. तुला आठवत असेल, शेवटच्या ओळीला जाणाऱ्याच्या कपाळावर हात ठेवायचा असतो: ज्याने तुला आणलं, त्याच्या हाती तुला देतो. माझा हात त्या पोरीच्या कपाळावर होता, आणि मला लख्ख कळलं की मी हिला कोणाच्याही हाती देत नाहीये. पलीकडून कोणी हात पुढे केलेलाच नाही. घाबरलो वगैरे नाही. आपण पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि जमीन लागावी, तसं काहीतरी झालं.

बाहेर आल्यावर कुलूपवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की ती आता एकटी नाही ना. मी म्हणालो, नाही, मुळीच नाही. इतक्या ठामपणे गेल्या कित्येक वर्षांत मी काही बोललो नसेन. तो माणूस माझ्यादेखत सरळ झाला. पुढच्या आठवड्यात त्याने हॉलच्या दाराला नवं कुलूप बसवून दिलं. जुनं अडकायचं. पैशाचं नावही काढू दिलं नाही. म्हणाला, तुमच्या शब्दावर उभा आहे.

खोटं बोललो याचं मला एवढं वाटत नाही. खोटं लागू पडलं, त्याची भीती वाटते.

तेव्हापासून मी तोंडाने सगळं म्हणतो. आवाजही तोच लागतो, कोणाला काही कळलेलं नाही. पण बाबा गेले तेव्हा आईने मला जवळ बसवून सांगितलं होतं की तिला निरोप मी द्यायचा. ते मी करणार नाही. बाकी जगाशी एक वेळ खोटं बोलेन, तिच्या कपाळावर हात ठेवून नाही बोलणार. आलो की तिला खरं काय ते सांगून टाकेन. तुला आधी सांगतोय, कारण या बाबतीत घरात तू माझी थोरली आहेस.

आईला नमस्कार. तुझा लोभ मला सरळ शब्दांत कधी मिळाला नाही, तो आहे तसा वाकडाच राहू दे.

तुझा,
दादा


१३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यशाळेच्या पत्त्यावर घातलंस हे शहाणपणाचं केलंस. घरी आई पाकिटावरचं अक्षर ओळखते आणि मोठ्याने वाच म्हणून मागे लागते. पत्र आलंय हे मात्र मी तिला सांगितलं, आणि समोर धरून मनाचंच वाचलं. तुझा खोकला गेला, वहिनीचे गुडघे बरे आहेत, हॉलमध्ये गर्दी असते. तिने समाधानाने मान हलवली आणि म्हणाली की दादाचं अक्षर आता बरंच सुधारलेलं दिसतंय, तू अडखळली नाहीस.

दादा, घरात एक नास्तिक पुरे होती. सोळाव्या वर्षी मी बाबांना सांगितलं की मी संध्याकाळच्या प्रार्थनेला उभी राहणार नाही, तेव्हा सगळ्यांत जास्त तूच अंगावर आला होतास. म्हणाला होतास, ही शहाणपणाची सूज आहे, उतरेल. माझी उतरली नाही. तुला मात्र उतारवयात चढली. वाचून आधी मला हसूच आलं, खोटं कशाला सांगू. मग प्लास्टरच्या बादलीपाशी बसून रडले. मला वाटायचं, आपल्यात एकाला तरी ते आहे. मी थंडीत बाहेर उभी असले तरी आत कोणाच्या तरी घरी दिवा आहे, असं काहीतरी. आता कळतंय की मी तुझ्या जिवावर नास्तिक होते.

आता कामाचं बोलते. आईला तू हे सांगणार नाहीस.

आमच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत एक बसवाले काका येतात. आयुष्यभर बस चालवली, मग साखरेने उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी उरलेल्या पायाचं माप घेते, त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळते, साचा सुकेपर्यंत ते मला सगळे थांबे क्रमाने म्हणून दाखवतात. त्यांची एक तक्रार आहे. नसलेल्या पायाची बोटं खाजतात. आधी ते लाजून सांगत नव्हते, वेड लागलं म्हणतील म्हणून. वेड नाही, पुष्कळांना होतं. पहिला, तात्पुरता पाय जोडून दिला त्या दिवशी ते बाकावर बसले होते आणि चेहरा कसनुसा झाला. मी खाली बसले आणि त्या रबरी पावलाची बोटं नखांनी खाजवली. का खाजवली, सांगता येणार नाही. काका डोळे मिटून म्हणाले, थोडं डावीकडे. आणि त्यांना बरं वाटलं. आमचे साहेब दारातून बघत होते. म्हणाले, बाई, हे कुठे शिकलात?

आता सांग, मी काकांना फसवलं का? दोन मिनिटं तुझ्या ओठांचं काय जातं? शब्द पाठ आहेत, आवाज लागतो, तूच लिहिलंस. आईच्या कपाळावर हात ठेव आणि म्हण. तिकडे कोणी असो नसो, इकडे ती आहे ना?

डॉक्टर म्हणतात, फार पुढचं ठरवू नका. मी दिवसभर बाहेर असते तेव्हा दुपारची बाई असते, पण आईचं तिच्याशी पटत नाही, कारण ती बाई सारखं सगळं छान होईल म्हणते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच. तो तुझ्या देवाच्या हवाली केलेला नव्हता, त्यामुळे त्याला काही झालेलं नाही.

तुझी,
टाचणी


२२ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी चार-पाच वेळा वाचलं. काकांचे थांबे मलाही पाठ करावेसे वाटले. पण तुझा मुद्दा मला मान्य नाही.

काकांना माहीत आहे की पाय नाही. तुलाही माहीत आहे. तुम्ही दोघं उघड्या डोळ्यांनी ती रबरी बोटं खाजवता, त्यात कोणी कोणाला फसवत नाही. आईचं तसं नाही. ती माझ्या हाताला खरा हात समजणार. तिला वाटणार की मुलाने आपल्याला पोचतं केलं, आणि मुलगा मनात म्हणत असणार की कुठे आणि कोणाकडे. शेवटच्या घटकेला आईला इतकं एकटं कसं सोडायचं? तिच्याजवळ बसून, तिच्या अंगाला हात लावून, आणि तरीही एकटं?

आणखी एक. तू सोळाव्या वर्षी बाबांसमोर उभी राहून खरं बोललीस. त्यानंतर प्रार्थना चालू असताना तुला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायला लागायचं. बाबा तुझ्याशी जेवताना बोलेनासे झाले. तू एकदाही माघार घेतली नाहीस. मी तुझ्याशी भांडत होतो खरा, पण तुझ्या त्या बसण्याचा मला हेवा वाटायचा. पाठ किती ताठ असायची तुझी! आज मी पन्नाशी ओलांडून तेवढं करायला निघालो, तर तूच म्हणतेस, ओठांचं काय जातं. तेव्हा तुझ्या ओठांचं काय जात होतं?

रागावू नकोस. कुलूपवाला रोज संध्याकाळी हॉलमध्ये येऊन बसतो. हल्ली बायकोलाही आणतो. प्रवचनात मी मरणाचा विषय टाळतो, तर तो आपणहून काढतो. मला कोणाशी तरी खरं बोलल्याशिवाय श्वास घेता येईल असं वाटत नाही. ते कोणीतरी आई असावी असं वाटणं चूक असेल. पण लहानपणापासून काही तुटलं फुटलं की आपण आधी तिच्याकडेच जायचो.

इथली कामं उरकली की निघतो. वहिनी आशीर्वाद सांगते, आणि तुझी पाठ शेकून घे म्हणते. माया कमी करू नकोस, मी सध्या तिच्यावरच चाललो आहे.

तुझा,
दादा


३१ ऑक्टोबर

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि टाचणी लिहिते आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, मधे आपली अक्कल घालायची नाही, अशी तिला ताकीद दिली आहे. मान हलवते आहे, पण तिच्या मान हलवण्यावर जाऊ नये.

माझं बरं आहे. बरं म्हणजे जसं असायचं तसं आहे. उशा तीन लागतात, श्वास पुरत नाही. ही मला सकाळ-संध्याकाळ पुसून काढते. हात हलका आहे तिचा. दिवसभर लोकांचे पाय करते, त्यामुळे माणसाला कुठे दुखतं ते तिला न विचारता कळतं. हे लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. दुपारची बाई मला कोणीतरी वेगळंच समजून बोलते. काल म्हणाली, आजी, तुम्ही पुढच्या वर्षी धावाल. मी म्हटलं, कोणाच्या मागे?

दादा, तू ये. तुझी पत्रं ही वाचून दाखवते, त्यात तू नसतोस. तुझ्या पत्रात तक्रारी असायच्या, आता सगळं गोड असतं. काय झालंय ते मी विचारत नाही. तू दमला असशील. तुझे बाबाही मधेमधे दमायचे, तेव्हा खिडकीशी उभे राहून खूप वेळ चष्मा पुसायचे. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हिच्याबद्दल तुला एक सांगायचं आहे, आणि हिने ते मुकाट लिहायचं आहे. हिने प्रार्थनेला यायचं सोडलं तेव्हा आपण ओळीने उभे राहायचो. बाबा, मग तू, मग मी. तुझ्या आणि माझ्यामध्ये मी हिची जागा सोडायचे. तुझ्या बाबांना वाटायचं की मला भिंतीचा आधार लागतो म्हणून मी तिकडे सरकते. ते गेले तरी मी तशीच सरकून उभी राहायचे. सवय म्हण. ही उंबऱ्यावर बसून बघत असेल असं मला वाटायचं, पण आता हिचा चेहरा बघते तर हिला ठाऊकच नव्हतं असं दिसतंय. लिही म्हटलं तर थांबली आहे. लिहिलं.

बाबांचं पुस्तक आण. नाही आणलंस तरी चालेल. तुम्हा दोघांना शब्द पाठ आहेत.

सुनेला आशीर्वाद. तुम्ही सगळे एकमेकांना धरून असा, म्हणजे मला इथून तिथून लोभ पोचेल.

तुझी,
आई


२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तिची तब्येत खाली गेली. डॉक्टर येऊन गेले. बोलावून घ्या म्हणाले. हे पत्र मिळेल तेव्हा तू बहुधा निघालेला असशील. नसलास तर हातातलं टाकून ये.

त्या जागेबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. मी उंबऱ्यावर पाठ करून बसायचे.

तुझी समजूत काढायला माझ्याकडे आता शब्द नाहीत. म्हणून पाया पडते. प्रार्थना म्हणवत नसेल तर म्हणू नकोस, नुसता हात धरून बस. पण तिला सांगू नकोस. तुझ्या छातीवरचं ओझं उतरेल रे, पण ते ठेवायला आता तिच्याकडे जागा कुठे आहे? तिचा श्वाससुद्धा उशांवर टेकवून ठेवलेला आहे.

बाकी सगळं तू आल्यावर.

वाट बघत,
टाचणी


२८ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

आईला जाऊन आता काही दिवस झाले. मी निघालो तेव्हा तू दारापर्यंत आलीस, पण बोलली नाहीस. आल्यावर एक पत्र टाकलं, त्याला उत्तर नाही. कार्यशाळेत जातेस का? जेवतेस का? वहिनीने दोनदा विचारलं की टाचणी रागावली आहे का.

मी रागावलेलो नाही, हे आधी लिहितो. पण मला कळलेलं नाही. तो सगळा प्रसंग मी रोज उलटसुलट करून बघतो. मी खाटेशी बसलो होतो. गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं, आईला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत. तिने मला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाली की दादा दमलाय, त्याला राहू दे, मला टाचणीच निरोप देईल. तू औषधाचा चमचा पुसत होतीस. तुला वाटलं तिला भ्रम झाला. तिने परत सांगितलं. दादा सगळ्यांना देतो, त्याचं ते कामच आहे, तू दिलास तर मला दिल्यासारखं वाटेल.

आणि तू म्हणालीस, आई, मला नाही येणार. ती म्हणाली की शब्द तर पाठ आहेत तुला. तू म्हणालीस, शब्द पाठ आहेत, पण मला नाही येणार. आणि स्वयंपाकघरात निघून गेलीस. तिथून कप धुतल्याचा आवाज येत राहिला. ते कप सकाळी मीच धुतले होते.

मग मी म्हटली. सगळी, पहिल्या ओळीपासून. कपाळावर हात ठेवला. पलीकडे कोणी नव्हतं, आजही नाही. मी ज्याची शपथ घेऊन निघालो होतो त्याच्या बरोबर उलट केलं, आणि करताना मला लाज वाटली नाही, पुण्यही वाटलं नाही. तिचं कपाळ गार होतं, तेवढंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, तेव्हा तू तिच्या पायांशी होतीस.

परत आलो आणि पुढच्याच प्रवचनाला मंडळींना सांगून टाकलं. जे खोटं आईसाठी वापरलं, ते दर आठवड्याला वापरायला हात धजेना. म्हणालो की मला आता विश्वास उरलेला नाही, तुम्ही दुसरा माणूस बघा. कोणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं की मग आज प्रार्थना होणार की नाही. कुलूपवाला पुढच्याच रांगेत बसला होता. सगळे गेल्यावर तो जवळ आला. म्हणाला, मग माझ्या पोरीचं जे सांगितलं होतंत, त्याचं काय? तो गेला आणि पेचकस घेऊन परत आला. दाराचं नवं कुलूप काढलं, माझ्याच कपाटातलं जुनं शोधून परत लावलं, चावी टेबलावर ठेवली. आता ते दार पुन्हा अडकतं. खरं बोलल्यावर श्वास मोकळा होईल असं मी तुला लिहिलं होतं. तसं झालेलं नाही.

आता एक गोष्ट. सांगावी की नाही यात आठवडा गेला. पण खरं सांगायचा हट्ट मीच धरला होता, आणि तुझ्यापासून लपवलं तर आपल्या दोघांत काही उरणार नाही. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा, प्रार्थना झाल्यावर, आई भिंतीकडे सरकली. स्वतःच्या ताकदीने. जिला कूस बदलता येत नव्हती ती हातभर सरकली आणि खाटेची अलीकडची बाजू मोकळी केली. मला वाटलं, मी बसावं म्हणून. मी बसलो. तिने बोटाने मला ढकललं. बोटात जोर नव्हता, पण ढकललं. मग मी उठलो आणि ती दाराकडे बघत राहिली.

मी तुला हाक मारायला हवी होती. का मारली नाही, कळत नाही. कपांचा आवाज ऐकत उभा राहिलो.

टाचणी, तू काकांची बोटं खाजवतेस. मग हे का नाही जमलं? दोष देत नाही, खरंच विचारतोय.

काही तरी लिही. शिव्या दे. इथे आता माझ्याशी कोणी बोलतही नाही, तुझा लोभ तेवढा असू दे.

तुझा,
दादा


१४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कार्यशाळेत जाते. जेवते. वहिनीला सांग, रागावलेली नाही.

तुझं पत्र वाचून मी ते घडी करून प्लास्टरच्या पिंपात टाकलं, आणि मग बाहीसकट हात घालून काढलं. वाळल्यावर कडक झालंय, उघडताना मोडतं. तू ते सांगायला नको होतंस. तू ते सांगितलं नसतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. दोन्ही खरं आहे, कसं ते विचारू नकोस.

बसवाल्या काकांचा कायमचा पाय झाला. परवा ते चालून दाखवायला आले. दारापासून खिडकीपर्यंत गेले, वळताना थोडे झुकले, हसले. मग बसले आणि म्हणाले, बाई, जाता जाता एकदा. मी खाली बसले आणि बोटं खाजवली. माझा हात आपला चालत होता आणि मला तुझं ते जुनं वाक्य आठवलं, की काकांना माहीत आहे पाय नाही, म्हणून ती फसवणूक नाही. आणि दादा, मी तशीच थांबले. काकांनी दोनदा विचारलं, काय झालं.

आईलाही माहीत होतं.

मी मानत नाही, हे तिला माझ्या सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. मी म्हटलं असतं तर ती एक क्षणही फसली नसती. मी काय आहे ते ओळखून, मी कोणाच्या हाती देऊ शकत नाही ते ओळखून तिने मागितलं. तुझ्या हातून तिला जे खोटं मिळणार होतं, ते माझ्या हातून खोटं झालंच नसतं. सगळ्या घरात ते फक्त मलाच म्हणता आलं असतं. आणि मी जणू पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले. त्या सोळा वर्षांच्या टाचणीची ताठ पाठ घेऊन तिथे गेले आणि कप धुतले. तिला मला पटवायचं नव्हतं रे. तिला फक्त मी शेजारी उभी हवी होते. आणि मला वाटलं, माझं सगळं आयुष्य काढून मागते आहे.

तुला सल्ला देताना किती सोपं लिहिलं होतं मी. ओठांचं काय जातं.

कुलूपवाल्याचं वाचून फार वाईट वाटलं. त्याच्याकडे जा. सांगायला काही नसेल तर नसू दे. तो शिव्या देईल तर उभा राहा. तू निदान त्याच्या दारात उभा राहू शकतोस, माझ्यासाठी ते दार बंद झालं.

एक सांगते आणि संपवते. खाट अजून तशीच आहे. राहिलेला पगार न्यायला आलेल्या दुपारच्या बाईने ती भिंतीपासून ओढून घ्यायला हात घातला तर मी तिच्यावर ओरडले. काल कामावरून आले, दिवा लावला, आणि चप्पल न काढता खाटेच्या अलीकडच्या बाजूला बसले. तिने सोडलेल्या जागेत. मग ती प्रार्थना म्हटली. पहिल्या ओळीपासून, न अडखळता, बाबांच्या चालीत. शेवटच्या ओळीला हात उचलला, आणि खाली कपाळ नव्हतं. तो हात कुठे ठेवायचा ते मला कळलं नाही. शेवटी उशीवर ठेवला.

काही झालं नाही. कोणी ऐकलं नाही, हे मला आत्ताही पक्कं ठाऊक आहे. माझं मत तसूभरही बदललेलं नाही, तशी आशा करू नकोस. आणि आज संध्याकाळी मी परत बसणार आहे.

पाय नाही, दादा. पण खाजतंय.

ये. पुस्तक आणू नकोस, काही म्हणायला येऊ नकोस. नुसता ये आणि माझ्या या बाजूला बस. जागा आहे. वहिनीला नमस्कार सांग, आणि तिला सोडलं तर माझा सगळा लोभ आता तुझ्या एकट्यावर आला आहे, तेवढा पेल.

तुझी,
टाचणी